टॉप्सी हॉलोची फळी

कोरीनवर बंदी घातली गेली ती सेंट लुईसच्या विमानतळाबाहेर, तिघांचं सामान अजून गाडीत चढायचं होतं तेव्हा. ती सकाळी डेटनहून गाडी घेऊन निघाली होती, सलग मका बघत इंडियाना आणि इलिनॉय अशी दोन राज्यं पार करून आली होती, आणि आता मित्रांना मिठी मारायला हात पसरून उभी होती. डेसमंडने मिठी मारली, बॅग खाली ठेवली आणि म्हणाला, “बाई, आधी कामाचं बोलू.”

कॉलेजपासून तो तिला बाईच म्हणायचा. शाळेतल्या बाई असतात, तसं.

“आम्ही तिघांनी मतदान केलंय. या सहलीत तू एकही गोष्ट समजावून सांगायची नाही. सांगितलीस, तर पुढच्या वर्षीची सहल तुझ्याविना.”

“मतदान कधी झालं?”

“तू इंडियानात असताना.”

“मला कुणी विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर तू मतदानाच्या पद्धतीतले दोष समजावून सांगितले असतेस.”

हे खरं होतं, हे कोरीनलाही पटलं. तिने इंग्रिडकडे पाहिलं. इंग्रिड सहा फुटांची, मिनेसोटाची, कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात होती. तिची नजर चुकवणं सोपं नव्हतं, पण आता ती स्वतःच नजर चुकवत होती. “मी आधी विरोधात होते गं,” ती पुटपुटली. “मग डेसमंडने न्यू ऑर्लिन्सची आठवण काढली.”

न्यू ऑर्लिन्समध्ये ते चौघं भुतांच्या फेरीला गेले होते. एका जुन्या हॉटेलच्या जिन्यात गाइडने मेणबत्ती धरून सांगितलं की इथे कायम एक थंडगार झुळूक येते, ती एका विधवेची आहे. कोरीनने वर बोट करून झुळूक एसीच्या कुठल्या जाळीतून येते ते दाखवलं. दाखवून थांबली असती तर चाललं असतं. तिने जाळीपुढे पातळ कागद धरला. अनोळखी बायका हसायला लागल्या, गाइडने मेणबत्ती विझवली आणि पुढची फेरी भुतांच्या मानाने फारच झटपट झाली. त्याआधी नायगाऱ्याच्या बोटीत सगळे निळे रेनकोट घालून किंचाळत असताना हा धबधबा दरवर्षी किती मागे सरकतो हे ती ओरडून सांगत होती; पाण्याचा आवाज फार होता ना. आणि लास व्हेगासला रूलेटच्या, म्हणजे जुगाराच्या, टेबलापाशी ती डेसमंडच्या कानात जे बोलली, त्याबद्दल डेसमंड अजूनही कुणाला काही सांगत नाही.

“ठीक आहे,” कोरीन म्हणाली. “तोंडाला कुलूप.”

डेटनमध्ये ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथे लोक तिच्याशी बोलायचे, पण बहुतेक नायट्रेटबद्दल. वर्षातून एकदा ही तीन माणसं भेटायची, तिची यथेच्छ टिंगल करायची, तिच्या ताटातलं विचारल्याशिवाय उचलायची, आणि त्या चार दिवसांच्या जोरावर कोरीनचं बाकीचं वर्ष निघायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं की ते उघडच आहे.

सहल कुठे न्यायची याची पाळी दरवर्षी एकाची असे. यंदा पाळी वेंडेलची होती. वेंडेल म्हणजे इंग्रिडचा मित्र, चार वर्षं तिच्यासोबत मिनिआपोलिसला राहणारा, गोल चष्म्याचा, भला आणि बुटका. बुटका म्हणजे तसा फार नाही; पण इंग्रिडच्या शेजारी उभा राहिला की शाळेच्या गेटवर आईची वाट बघून कंटाळलेला मुलगा वाटायचा. फोटोत तर फारच. म्हणून इंग्रिड फोटोत खांदे पाडून, एक गुडघा वाकवून उभी राहायची, आणि परिणामी दोघंही कंटाळलेले दिसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नदीकाठच्या प्रचंड पोलादी कमानीवर गेले. सेंट लुईसला गेलेला प्रत्येक जण जातो. वर न्यायला जे डबे आहेत, त्यात पाच माणसं गुडघ्याला गुडघे लावून अंडी ठेवल्यासारखी बसतात. इंग्रिडने स्वतःची घडी घातली. खाली रांगेत एक काका बायकोला सांगत होते की कमान रुंदीपेक्षा बरीच उंच आहे, दिसतंयच ना. कोरीनच्या जिभेवर आलं. कमान जितकी उंच तितकीच रुंद आहे. माणसाचा डोळा उभ्या गोष्टी उगाच ताणतो. तिने ओठ आत घेतले. डेसमंड सापळा लावून बसल्यासारखा तिच्याकडे बघत होता.

“बरी आहेस ना, बाई? चेहरा लाल झालाय.”

“उकडतंय.”

“का उकडतंय ते सांगू नकोस.”

वर खिडक्या एवढ्याशा आहेत आणि त्यातून खाली बघायचं तर गालिचा लावलेल्या उतारावर पोट टेकून आडवं व्हावं लागतं. कोरीन नदीच्या बाजूला आडवी झाली. थोड्या वेळाने तिच्या शेजारी वेंडेल येऊन पालथा पडला. इंग्रिड आणि डेसमंड शहराच्या बाजूला होते.

“हळू बोल,” वेंडेल कुजबुजला, “आणि माझ्याकडे बघू नकोस. मी उद्या इंग्रिडला मागणी घालणार आहे.”

“अरे वा! कुठे?”

“टॉप्सी हॉलोला.”

कोरीनने त्याच्याकडे पाहिलंच. टॉप्सी हॉलो म्हणजे ओझार्कच्या डोंगरात, हायवेपासून आत, रानात बांधलेली एक तिरपी झोपडी. तिथे म्हणे पाणी वर चढतं, झाडू आपोआप उभा राहतो आणि माणसांची उंची बदलते. पुढची पाटी दिसेपर्यंत आधीची विसरू नये म्हणून पन्नास मैल आधीपासून त्यांच्या पाट्या लागतात. कोरीनला वाटलं होतं, ही वेंडेलची गंमत आहे.

“तिथे एक फळी आहे,” वेंडेल म्हणाला. “एका टोकाला उभा राहिला की माणूस उंच होतो. मी त्यांच्या साइटवर फोटो बघितलेत. एका फोटोत, कोरीन, एक आजोबा आपल्या नातवाइतके उंच झालेत, आणि नातू बास्केटबॉलवाला होता.”

“वेंडेल, मला बोलायची बंदी आहे.”

“ही खाजगी परवानगी आहे. डेसमंडला कळणार नाही. मला फक्त एवढं सांग, कुठल्या टोकाला उभा राहू?”

कोरीनने नदीकडे बघत विचार केला. बंदीला मत देणाराच आता परवानगी देत होता, हे तिला आवडलं. पण त्याचा तो आजोबांवरचा विश्वास तिला बघवेना.

“झोपडी मुद्दाम वाकडी बांधलेली असते,” ती अगदी हळू म्हणाली. “छप्पर, कुंपण, सगळं एकाच बाजूला कललेलं. फळी तेवढी खरी सरळ. पण डोळा कुंपणालाच सरळ धरतो. मग कुंपण जिथे खाली गेलंय तिथला माणूस उंच वाटतो. उंच होत नाही. वाटतो.”

“वाटला तरी चालेल. किती?”

“चार-पाच बोटं.”

वेंडेलने मनात हिशेब केला. त्याचा चेहरा पडला. “म्हणजे मी तिच्या...”

“आत्ता तू तिच्या खांद्याला लागतोस. तिथे तू कानापर्यंत जाशील.”

“कान चालेल,” तो म्हणाला.

मग कोरीनला राहवेना. फोन खाली, त्याच्या टोकाजवळ धरला तर जवळचा माणूस मोठा दिसेल, असं तिने सांगितलं. कान सोडून भुवईपर्यंतही जमेल. ती स्वतः फोटो काढेल. वेंडेल इतका हरखला की उतारावरून घसरला. “आयुष्यात एक फोटो,” तो उठता उठता म्हणाला, “ज्यात मी तिचा नवरा वाटेन. तिने नाही म्हटलं तरी फोटो राहील.”

“ती नाही का म्हणेल?”

“मला काय माहीत? म्हणून तर फोटो.”

डेसमंडलाही त्याने त्याच संध्याकाळी, कस्टर्डच्या दुकानाच्या रांगेत, सगळं सांगून टाकलं. वेंडेलच्या पोटात काही राहत नाही. त्यातल्या त्यात नवल म्हणजे इंग्रिडपासून ते लपून राहिलं.

दुसऱ्या दिवशी टॉप्सी हॉलोच्या दारात लाकडी पाटी होती: ‘इथे निसर्गाचे नियम सुट्टीवर असतात.’ तिच्याखाली दुसरी: ‘शौचालय फक्त ग्राहकांसाठी.’ दुकानात फज या चॉकलेटी मिठाईचे ठोकळे, रबरी साप, आणि गाडीच्या मागे चिकटवायचे स्टिकर. फेरी न्यायला वर्लिन नावाच्या बाई आल्या. सत्तरीच्या, डोक्यावर गवती टोपी, आणि पाठ केलेलं बोलणं असं की मध्ये कुणी शिंकलं तरी त्या तिथूनच पुढे जात.

“मंडळी, या जागेचा शोध एका खेचराने लावला. खेचर इथे पाय ठेवायला तयार होईना. शास्त्रज्ञ आले, होकायंत्रं घेऊन आले, डोकं खाजवत गेले.”

डेसमंडने कोरीनच्या कोपराला कोपर मारलं. “बाई, डोकं खाजवून दाखवा.”

कोरीन मूग गिळून चालत राहिली. झोपडीत सगळे एका बाजूला झुकून, जिना चढल्यासारखे सपाटीवर चालत होते. वर्लिनबाईंनी चेंडू चढावर सोडला आणि तो वर गेला. कोरीनला चेंडू कुठे जाणार ते आधीच ठाऊक होतं, तरी तिचा तोल गेला. डोकं समजून असलं तरी डोळे ऐकत नाहीत, हे तिला फार मजेचं वाटलं. आणि ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सोबत आर्कान्सॉहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं, सगळ्यांचे टी-शर्ट एकाच रंगाचे, पाठीवर ‘बकनर परिवार संमेलन’. त्यातले एक आजोबा म्हणाले, “हे लोहचुंबकामुळे होतं.” कोरीनने झोपडीच्या भिंतीला कपाळ टेकलं.

मग सगळे बाहेर, फळीपाशी आले.

फळीच्या एका टोकाला दगडी धुरांडं, दुसऱ्या टोकाला जुनं पाण्याचं पिंप, आणि मागे ते तिरपं कुंपण, धुरांड्याकडे खाली गेलेलं. फळी सपाट आहे हे पटवायला वर्लिनबाईंनी तिच्यावर पाणसळ ठेवून त्यातला बुडबुडा सगळ्यांना दाखवला. “आता मला एक उंच माणूस पाहिजे आणि एक... तितका उंच नसलेला.”

सगळ्या बकनर परिवाराने इंग्रिडकडे आणि मग वेंडेलकडे पाहिलं. इंग्रिडचे खांदे लगेच पडले.

“ये पोरी, लाजू नकोस. तू धुरांड्याकडे. आणि तू रे बाळा, पिंपाकडे. आधी असे उभे राहा. मग मी सांगितलं की जागा बदलायची.”

कोरीनने साइटवरचे फोटो बघून आदल्या रात्रीपासून वेंडेलला हेच घोकायला लावलं होतं: आधी तुला पिंपाकडे उभं करतील, तेव्हा गप्प राहायचं. जागा बदलली, तू धुरांड्याकडे आलास, की मग. ती खडीवर गुडघे टेकून, नंतर कोपरं टेकून, आणि शेवटी सरळ पोटावर झोपून, धुरांड्याच्या टोकाशी फोन लावून तयार झाली. बकनर परिवारातली एक बाई म्हणाली, “हिला चक्कर आली वाटतं.”

वेंडेल पिंपाकडे उभा राहिला. आधीच बुटका, तिथे आणखी चार बोटं खचला. समोर इंग्रिड वाढतच गेल्यासारखी दिसू लागली. बकनर परिवार “ओहो!” म्हणाला. वेंडेलचं तोंड पांढरं पडलं होतं. कोरीनने मानेने ‘नाही’ केलं. अजून नाही. वेंडेलने ते पाहिलं, आणि बहुतेक ‘आता’ असं समजला, किंवा काहीच समजला नाही. तो विमानाच्या चार तास आधी विमानतळावर जाऊन बसणारा माणूस. त्याने खिशात हात घातला, अंगठीची डबी काढली, आणि फळीवर एक गुडघा टेकला.

कोरीन खडीत पालथी पडून बघत राहिली. तिने कुंपणाचा कल मोजला होता, फोनची जागा ठरवली होती, ऊन कुठून येईल ते पाहिलं होतं. मागणी घालताना माणूस गुडघ्यावर बसतो, ही गोष्ट या देशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली, ती तिच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. वेंडेलच्याही नाही. दोघांनी मिळून उंचीची एवढी योजना केली, आणि आता तो माणूस इंग्रिडच्या कमरेला लागत होता.

“इंग्रिड,” वेंडेल म्हणाला, आणि पुढचं विसरला.

“बाळा, फळीवर उभंच राहायचं असतं,” वर्लिनबाई म्हणाल्या. “आता जागा बदला.”

आणि डेसमंडला हसू आवरलं नाही. “अरे गाढवा! उंच दिसायला एवढ्या लांब आलास आणि गुडघ्यावर काय बसतोस!”

बकनर परिवार हसला. इंग्रिड हसली नाही.

“उंच दिसायला म्हणजे?” तिने विचारलं. मग ते तिचं तिलाच समजलं. “म्हणून इथे आणलंस होय मला? माझ्यापेक्षा उंच दिसायला?”

“नाही, म्हणजे कानापर्यंतच,” वेंडेल म्हणाला.

“मला शाळेपासून लोकांनी सांगितलंय, जरा वाक, मागे उभी राहा, सपाट चपला घाल. सगळ्यांनी. तू एकट्याने कधीच म्हटलं नव्हतंस.” तिचा आवाज बारीक झाला होता. “तुलाही खुपतेच ना माझी उंची?”

वेंडेल गुडघ्यावरच होता, डबी हातात तशीच उघडी. डेसमंडचं हसू केव्हाच विझलं होतं आणि आपण काय केलं हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

कोरीनला ठाऊक होतं की आपण काय गमावणार आहोत. पुढच्या वर्षी हे तिघं कुठेतरी गाडीत बसून खिदळत असतील आणि ती नायट्रेटपाशी. तरी ती खडीतून उठली. पोटाला खडे चिकटलेले, तशीच.

“तो चुकीच्या टोकाला आहे,” ती मोठ्याने म्हणाली.

“बाई,” डेसमंड म्हणाला. पण त्यात दम नव्हता.

“इंग्रिड, ऐक. हे कुंपण वाकडं आहे. छप्पर वाकडं आहे. ही सगळी जागाच वाकडी बांधलीय. फक्त फळी सरळ आहे. डोळा कुंपणाला सरळ धरतो, म्हणून धुरांड्याकडचा माणूस उंच वाटतो आणि पिंपाकडचा बुटका. हे वेंडेलला माहीत आहे. मी स्वतः त्याला सांगितलंय, नीट, दोनदा, कमानीवर आणि काल रात्री. जागा बदलल्यावर तो उंच दिसला असता. तो थांबला नाही. तू सगळ्यात उंच दिसत असताना आणि तो सगळ्यात बुटका दिसत असताना त्याने तुला विचारलंय. आणि वर गुडघ्यावर बसून.”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कोरीनने नंतर पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं.

“ओ ताई,” वर्लिनबाई म्हणाल्या, पहिल्यांदाच पाठांतर सोडून, “तुम्ही बाहेर व्हा.”

“चुंबक नाही?” बकनर आजोबांनी विचारलं.

“नाही हो,” कोरीन म्हणाली. “सुतारकाम.”

“बाहेर!”

ती जाता जाता थांबली, कारण इंग्रिड बोलली होती. “म्हणजे मी आत्ता सगळ्यात उंच दिसतेय?”

“शक्य आहे तितकी.”

“आणि हा?”

“याहून बुटका दिसायला त्याला खड्डा खणावा लागेल.”

इंग्रिडने वेंडेलकडे खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कोरीनने कॉलेजपासून कधीच न पाहिलेली गोष्ट झाली: इंग्रिडने खांदे मागे घेतले, वाकवलेला गुडघा सरळ केला, हनुवटी वर केली, आणि ती त्या तिरप्या कुंपणापुढे झेंड्याच्या काठीसारखी ताठ उभी राहिली.

“हलू नकोस,” ती वेंडेलला म्हणाली. “कोरीन, जायच्या आधी फोटो काढ. पूर्ण आले पाहिजे मी.” फोटो झाल्यावर ती वेंडेलला म्हणाली, “हो. आता ऊठ, गुडघ्यात कुसळं नाही ना गेली?”

बकनर परिवाराने टाळ्या वाजवल्या. वर्लिनबाईंनी टाळ्या संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग कोरीनला स्वतः गेटपर्यंत पोचवलं.

गाडीपाशी कोरीन एकटीच फज खात बसली. अर्ध्या तासाने तिघं आले. वेंडेलच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्याखाली काहीतरी वळवळत होतं, आणि गाडीचं दार लागायच्या आत ते बाहेर पडलं.

“इंग्रिड, खरं सांगू? मी मुद्दाम नाही केलं. मी घाबरलो. मला धुरांड्याकडेच जायचं होतं.”

डेसमंडने सीटवर डोकं आपटलं. “अरे, मिळालेलं पदक कुणी परत करतं का?”

“मला माहीत होतं,” इंग्रिड म्हणाली.

“कसं?”

“वेंडेल, तू सिनेमाला जाहिराती सुरू व्हायच्या आधी जाऊन बसतोस. तू थांबशील कसा?” तिने अंगठी फिरवून पाहिली. “पण तिथे ताठ उभं राहिल्यावर मला बरं वाटलं. ते तू केलं नाहीस, कोरीननेही केलं नाही. ते मी केलं.”

गाडी हायवेला लागली. मग डेसमंडने घसा खाकरला.

“बाई, आजचं तुमचं व्याख्यान चांगलं होतं. पण नियम म्हणजे नियम. मतदान झालंय. आज मी तो मोडला तर उद्या तुम्ही व्हेगासला माझ्या शेजारी बसाल.”

“माहीत आहे,” कोरीन रस्त्याकडे बघत म्हणाली. “पुढच्या वर्षी माझ्याविना.” तिला वाटलं होतं तितकं ते सहज म्हणता आलं नाही, आणि मागच्या सीटवर ते ऐकू गेलं.

“पुढच्या वर्षी पाळी माझी आहे ना?” इंग्रिड म्हणाली.

“हो.”

“आणि कोरीनने सहलीला यायचं नाही, एवढाच नियम आहे?”

“एवढाच.”

“मग ठरलं. आपण तिघं डेटनला जायचं.”

डेसमंड मागे वळला. “डेटनला? डेटनला कुणी सहलीला जातं का? काय आहे तिथे?”

“ती येणार नाही. ती तिथेच असेल. तिच्या घरी राहायचं, तिचं शहर बघायचं, आणि ती दाखवेल.”

“नको. इंग्रिड, नको. चार दिवस?”

वेंडेलने आधीच हात वर केला होता. इंग्रिडने आपला वर केला. तो गाडीच्या छताला लागला.

“बरं, हरलो,” डेसमंड म्हणाला. “बाई, एकच सांगा. डेटनमध्ये बघण्यासारखं आहे तरी काय?”

कोरीनने शेजारी त्याच्याकडे पाहिलं. “शहराच्या खाली,” तिने सुरुवात केली, “एक बुजलेली दरी आहे. हिमयुगात वितळलेल्या बर्फाने तिच्यात वाळू आणि गोटे भरले, आणि त्या गोट्यांच्या मधल्या जागेत पाणी...”

डेसमंडने हसत कानावर जॅकेट ओढलं. हे चालेल असं कोरीनला दिसत होतं, म्हणून ती थांबली नाही.